फाइल कोणी उघडावी? कार्यालयीन संगणकातील पूर्वनिर्धारित जोडणी

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण पत्र, टिप्पणी, परिपत्रक, इतिवृत्त अशा लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. हे सर्व लेखन आज बव्हंशी संगणकावर होते आणि फाइलच्या रूपाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाते. आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. कोणी ग्रामपंचायतीत, कोणी बँकेत, कोणी शाळेच्या कार्यालयात काम करते. त्यामुळे पुढील अनुभव आपल्याला नवा नसावा. वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या फाइलवर माउसने दोनदा टिचकी मारावी आणि अपेक्षित मराठी मजकुराऐवजी पडद्यावर रोमन अक्षरांचा व अनोळखी चिन्हांचा गुंता दिसावा. अशा वेळी ‘फाइल बिघडली’ असे आपण म्हणून टाकतो. वास्तविक ती बहुधा सुस्थितीत असते. फक्त तिला वाचू न शकणाऱ्या प्रोग्रामच्या हाती पडलेली असते.

कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडावी, याचा निर्णय संगणकात आधीच नोंदवून ठेवलेला असतो. तो कुठे नोंदलेला असतो, तो कोण घेते, आणि एखादी संस्था शेकडो नवे संगणक कर्मचाऱ्यांच्या हाती देते तेव्हा तो विचारपूर्वक का घ्यावा लागतो, हे या लेखात पाहायचे आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचा गाभा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध निसर्गदत्त नसून सांकेतिक असतो, हे आपण शिकलो आहोत. फाइलचे नाव आणि ती उघडणारा प्रोग्राम यांचा संबंधही तसाच सांकेतिक आहे.

(येथे ‘फाइल’ हाच शब्द ठेवला आहे. ‘संचिका’ आणि ‘धारिका’ हे पर्याय उपलब्ध आहेत. परंतु कागदांच्या फाइलला ‘नस्ती’ म्हणणारा कारकूनही संगणकावरच्या फाइलला फाइलच म्हणतो.)

नाव आणि प्रत्यय

संगणकाच्या दृष्टीने कोणतीही फाइल म्हणजे ० ते २५५ यांमधील अंकांची एक लांबलचक रांग. ही रांग छायाचित्र आहे, हिशेब आहे की प्रेमपत्र, हे त्या रांगेकडे नुसते पाहून सहजी कळत नाही. काही प्रकारांच्या आरंभी ओळखीची खूण असते हे खरे. पण विंडोज ही प्रणाली टिचकी मारल्यावर ती खूण तपासत बसत नाही. ती नावाचा शेवट पाहते. नावातील अखेरच्या टिंबानंतर येणारी अक्षरे, उदाहरणार्थ टीएक्सटी, पीडीएफ, डॉक्स, यांना एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्यांना नामप्रत्यय म्हणू.

तीन अक्षरी नामप्रत्ययाची चाल १९७० च्या दशकातील सीपी/एम या प्रणालीत रुळली आणि १९८१ च्या एमएस-डॉसने ती उचलली. त्या काळी नावाला आठ अक्षरे आणि प्रत्ययाला तीन, एवढीच जागा असे. विंडोज ९५ ने लांब नावांची मुभा दिली. तरी तीन अक्षरांची सवय इतकी खोल गेली होती, की २००७ मध्ये ‘डॉक’ला ‘एक्स’ जोडून चार अक्षरी ‘डॉक्स’ आला तेव्हा तो अनेकांना परका वाटला.

विंडोजमध्ये प्रत्ययापासून प्रोग्रामपर्यंतचा प्रवास दोन पायऱ्यांनी होतो. रजिस्ट्री नावाच्या तिच्या नोंदवहीत प्रत्ययासमोर एक प्रकारनाम लिहिलेले असते आणि त्या प्रकारनामासमोर ‘उघडणे’ म्हणजे नेमका कोणता प्रोग्राम सुरू करणे, हे लिहिलेले असते. टीएक्सटी म्हणजे ‘मजकूर-फाइल’, आणि मजकूर-फाइल उघडायची ती नोटपॅडने. हा दुवा नोंदवहीत असतो, फाइलच्या आत नसतो. म्हणूनच तीच फाइल माझ्या संगणकावर एका रूपात आणि तुमच्या संगणकावर दुसऱ्या रूपात उघडू शकते.

यापेक्षा निराळी व्यवस्थाही होऊन गेली. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकात प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांचे दोन अदृश्य संकेत ठेवलेले असत: एक प्रकाराचा, दुसरा निर्मात्याचा. ज्या प्रोग्रामने फाइल तयार केली तोच ती पुन्हा उघडी. म्हणजे एकाच प्रकारची दोन चित्रे शेजारी ठेवली, तरी ज्याचे चित्र त्याच्याकडे परत जाई. २००९ च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीत अ‍ॅपलने निर्मात्याचा संकेत विचारात घेणे थांबविले आणि तेथेही प्रकार पाहून प्रोग्राम ठरू लागला. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात एक जुना वाद ऐकू यावा: कृतीचा अर्थ लेखकाच्या हेतूने ठरवावा की वाचकसमाजाच्या संकेताने? संगणकाच्या जगात तरी तूर्त दुसऱ्या पक्षाची सरशी झालेली आहे.

‘डिफॉल्ट’ या शब्दाविषयी

अनेक प्रोग्राम एकच प्रकार उघडू शकत असतील तर त्यांतील ज्याला पहिला मान मिळतो, तो डिफॉल्ट प्रोग्राम. ‘डिफॉल्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ उणीव किंवा कसूर असा आहे. बँकेचा डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार, हा त्याच कुळातला अर्थ. पक्षकार गैरहजर राहिल्यामुळे लागणारा निकाल हाही डिफॉल्टच. संगणकातला अर्थ या न्यायालयीन अर्थाच्या जवळचा आहे. वापरणाऱ्याने काही सांगितले नाही, त्या अनुपस्थितीत जे ठरते ते डिफॉल्ट. ‘पूर्वनिर्धारित’ हा मराठी प्रतिशब्द निर्णय आधी झाला एवढेच सांगतो. तो कोणाच्या गैरहजेरीत झाला, ही छटा त्यात उतरत नाही.

भाषेलाही असे डिफॉल्ट असतात. दार वाजले की आपण ‘कोण आलं आहे?’ असे नपुंसकलिंगात विचारतो. येणाऱ्याचे लिंग माहीत नसताना मराठीने केलेली ती पूर्वनिर्धारित निवड आहे आणि ती करताना आपण क्षणभरही थांबत नाही. डिफॉल्टचे सामर्थ्य यातच आहे, की निवड झाली हे कोणाच्या लक्षात येत नाही. बाजारपेठेने ते फार आधी ओळखले. ब्राउझर निवडण्याची संधी वापरकर्त्यांना देण्याचे बंधन न पाळल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी १० लाख युरो दंड केला. दुसरे ब्राउझर बसवायला कोणतीही आडकाठी नव्हती. प्रश्न केवळ पहिल्या मानाचा होता.

मराठी यादीचे काय होते

आता कार्यालयातील एक अगदी साधी फाइल घेऊ: लाभार्थ्यांची यादी. निरनिराळ्या प्रणालींमधून अशा याद्या पुष्कळदा सीएसव्ही या प्रकारात बाहेर पडतात. हा साधा मजकूर असतो. एका ओळीत एक व्यक्ती आणि तिच्याविषयीच्या नोंदी स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या. मात्र कोणत्या अंकाने कोणते अक्षर दर्शविले आहे, हे सांगणारी नोंद त्यात असेलच असे नाही.

देवनागरी लिपी १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून त्या मानकात आहे. त्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन अंकांनी लिहिले जाते. ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ असे साठवले जाते. स्वरचिन्हे वेगळी मोजावी लागतात; म्हणून ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा अंक. कार्यालयांतील बहुतेक संगणकांवर सीएसव्हीचा मान एक्सेलला दिलेला असतो. यादीच्या आरंभी यूटीएफ-८ ची खूण नसेल तर एक्सेल पुष्कळदा ते अंक पाश्चात्त्य युरोपीय भाषांच्या जुन्या कोष्टकानुसार वाचते. त्या कोष्टकात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे एक सामान्य चिन्ह आणि १७४ म्हणजे वर्तुळातील रोमन ‘आर’. एका ‘म’ची अशी तीन चिन्हे होतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह २२४ नेच सुरू होत असल्यामुळे पडदाभर तेच रेघवाले ‘ए’ पुनःपुन्हा दिसते. पुढच्या वेळी हा गुंता दिसला तर घाबरू नये. अंक जागच्या जागी असतात आणि योग्य रीतीने उघडल्यास मराठी परत मिळते.

यापेक्षा गंभीर प्रकार दुसऱ्या दिशेने घडतो. मराठी नीट दिसत असलेली यादी कोणी साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केली, तर जुन्या कोष्टकात देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक चिन्हाच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. ‘केशव’ची चार प्रश्नचिन्हे होतात आणि ‘माधव’चीही चारच. दोघांतला केशव कोणता, हे त्या फाइलवरून यापुढे कोणालाही सांगता येणार नाही. विस्कटलेली अक्षरे पुन्हा लावता येतात, पुसलेली नाहीत. यूटीएफ-८ मध्ये जतन करण्याचा स्वतंत्र पर्याय एक्सेलमध्ये आला आहे, पण यादीत तो साध्या पर्यायापासून वेगळा ओळखून निवडावा लागतो.

अंकांचीही अशीच गत होते. खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य एक्सेल निरुपयोगी समजून गाळते. बारा अंकी आधार क्रमांक दशांश आणि घातांकाच्या आखूड रूपात दाखवते आणि त्या अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन झाली तर ते आखूड रूपच लिहिले जाते. उरलेले अंक गेले ते गेलेच. हा उपद्रव केवळ आपल्या कार्यालयांपुरता नाही. मानवी जनुकांपैकी काहींची ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी लघुनामे होती आणि एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकत असे. शेवटी जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावेच बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ झाले. यंत्राच्या सवयीपुढे विज्ञानाच्या परिभाषेने माघार घेतल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

एक्सेल हा वाईट प्रोग्राम आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याच्याच ‘डेटा’ या विभागातून फाइल आत घेतली तर अक्षरांची पद्धत आणि रकान्यांचा प्रकार निवडता येतो. लिबरऑफिसचा कॅल्क हा प्रोग्राम तर सीएसव्ही उघडण्यापूर्वीच हे प्रश्न विचारतो. अडचण आहे ती दोनदा टिचकी मारण्याच्या सवयीची, आणि त्या टिचकीमागे कोणता प्रोग्राम बसवला आहे याची.

शेवटचा प्रत्यय

‘घरातल्यांना’ या शब्दात घर, आत, ल, ना असे घटक एकापुढे एक लागले आहेत. पण या पदाचा क्रियापदाशी असलेला संबंध शेवटचा ‘ना’ ठरवतो. फाइलच्या नावातही अधिकार शेवटच्या प्रत्ययाचाच. आणि विंडोज ओळखीच्या प्रकारांचा नेमका हाच शेवटचा प्रत्यय मुळात लपवून ठेवते.

मे २००० मध्ये फिलिपिन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या उपद्रवी प्रोग्रामने याचाच लाभ घेतला. ई-मेलसोबत येणाऱ्या फाइलचे नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ असे होते. शेवटचा व्हीबीएस लपल्यामुळे लोकांना दिसे ते निरुपद्रवी टीएक्सटी. पत्र समजून त्यांनी टिचकी मारली की विंडोज नोंदवही पाही. व्हीबीएससमोर ‘आज्ञावली म्हणून चालवणे’ असे लिहिलेले असे. पत्र वाचले जाण्याऐवजी आज्ञा पाळल्या जात. छायाचित्रांच्या फाइली पुसल्या जात आणि तेच पत्र संपर्कयादीतील सर्वांना रवाना होई. ब्रिटिश संसदेलाही तेव्हा आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

पुष्कळ संस्था यावर योजतात तो उपाय केवळ एका जोडणीचा आहे. व्हीबीएस, जेएस, एचटीए अशा आज्ञावलींच्या प्रत्ययांसमोर नोटपॅडचे नाव लिहून ठेवायचे. मग कोणी भुलून टिचकी मारली तरी आज्ञा अमलात येत नाहीत. त्या नुसत्या मजकूर म्हणून डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ज्यांच्या कामात आज्ञावली लागतात त्यांच्यासाठी अर्थात वेगळी सोय करावी लागते.

अनेक संगणकांवर एकच संकेत

एका संगणकावर ही जोडणी सेटिंग्जमध्ये जाऊन बदलता येते. तीनशे संगणकांवर ती हाताने बदलणे शक्य नाही. पूर्वी संगणक-विभागातील मंडळी एखादी छोटी आज्ञावली लिहून सर्व नोंदवह्यांत परस्पर बदल करीत. परंतु तोच मार्ग आगंतुक प्रोग्रामांनाही खुला होता. कोणी फुकटचा चित्रपट-प्रोग्राम बसवावा आणि त्याने न विचारता सगळ्या ध्वनिफिती व चित्रफिती आपल्या नावावर करून घ्याव्यात, असे सर्रास घडे. म्हणून विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, वापरकर्त्याने केलेल्या निवडीसोबत एक पडताळणी-संकेत ठेवला जाऊ लागला. दस्तऐवजावरील सही-शिक्क्यासारखा तो असतो आणि त्या-त्या वापरकर्त्याशी बांधलेला असतो. शिक्का जुळला नाही तर विंडोज ती नोंद रद्द करून मूळ जोडणी पुन्हा लावते.

मग संस्थेने आपली निवड कशी कळवावी? त्यासाठी विंडोजने अधिकृत मार्ग ठेवला आहे. आधी एक नमुना-संगणक तयार करतात, त्यावर आवश्यक ते सर्व प्रोग्राम बसवतात आणि सेटिंग्जमधून हव्या त्या जोडण्या हाताने लावतात. नंतर डिस्म नावाच्या साधनाने त्या जोडण्यांची यादी एक्सएमएल फाइलमध्ये उतरवून घेतात. यादीतील प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: प्रत्यय, प्रकारनाम आणि प्रोग्रामचे नाव. ही यादी भली मोठी निघते. ती डोळे झाकून सर्वत्र लावू नये; आपल्याला ज्यांची खरोखर काळजी आहे तेवढ्याच ओळी ठेवाव्यात. ज्या संगणकावर तो प्रोग्रामच बसवलेला नाही तेथे त्याची ओळ निष्फळ ठरते, हेही ध्यानात असावे.

यादी लागू करण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यात ती डिस्मनेच विंडोजच्या साचा-प्रतीत घालतात. तेव्हा त्या संगणकावर प्रथमच प्रवेश करणाऱ्या वापरकर्त्याला या जोडण्या मिळतात, आणि पुढे त्या बदलायला तो मोकळा असतो. मात्र ज्यांचे खाते त्या संगणकावर आधीपासून आहे त्यांच्यावर तिचा परिणाम होत नाही. ‘मी यादी लावली, पण काही बदलले नाही’ ही तक्रार बहुधा येथूनच उद्भवते. दुसऱ्या मार्गात यादीचा पत्ता ग्रुप पॉलिसीत, म्हणजे संस्थेच्या केंद्रीय नियमावलीत, नोंदवतात. अशी यादी प्रत्येक प्रवेशाच्या वेळी पुन्हा लागू होते. वापरकर्त्याने दिवसभरात काही बदलले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत झालेले असते. अलीकडच्या आवृत्त्यांत यादीतील ओळीला ‘सुचविलेली’ अशी खूण करता येते. मग ती एकदाच लागते आणि नंतर वापरकर्त्याच्या निवडीचा मान राखला जातो.

पहिला मार्ग प्रथेसारखा आहे, दुसरा आज्ञेसारखा. व्याकरणाच्या वर्गात आपण वर्णन आणि नियमन यांत जो फरक करतो, त्याच्याशी हा ताडून पाहावा.

काय बांधावे, काय मोकळे सोडावे

माझ्या मते आज्ञा थोड्या असाव्यात. आज्ञावलींचे प्रत्यय नोटपॅडला बांधावेत, कारण तेथे एकाच्या चुकीचा भुर्दंड सर्वांना पडतो. जेथे मराठी याद्यांची देवघेव होते तेथे सीएसव्हीही बांधावा. तो कॅल्कसारख्या विचारून उघडणाऱ्या प्रोग्रामला द्यावा किंवा निदान नोटपॅडला. एक्सेलची सवय असलेले कर्मचारी सुरुवातीला कुरकुर करतील. त्यांना ‘डेटा’ विभागातून यादी आत घेण्याची रीत दाखवणे हा त्याच निर्णयाचा भाग समजावा, अन्यथा ते दुसरी पळवाट शोधतील. छायाचित्रे, ध्वनिफिती, पीडीएफ यांबाबत सक्तीचे प्रयोजन मला दिसत नाही. दृष्टी अधू असलेला एखादा कर्मचारी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा विशिष्ट प्रोग्राम वापरत असेल आणि रोज सकाळी संस्थेची यादी त्याची निवड पुसून टाकत असेल, तर त्या एकरूपतेने काय साधले?

आणखी एक गोष्ट या यादीबाहेरची असली तरी तिच्यासोबत ठरवावी. सर्व संगणकांवर नामप्रत्यय दिसतील अशी व्यवस्था करावी. प्रत्यय लपवून आपण वापरणाऱ्याचे काम सोपे करतो असे मानले जाते; मला ते पटत नाही. शब्दाचा प्रत्यय झाकून वाक्याचा अर्थ लावायला कोणी सांगत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या कार्यालयातील किंवा घरातील संगणकावर टीएक्सटी, सीएसव्ही आणि पीडीएफ हे प्रकार कोणत्या प्रोग्रामने उघडतात ते पाहा. यांपैकी कोणती जोडणी आपण स्वतः निवडली होती?

२. नोटपॅडमध्ये स्वतःचे नाव मराठीत लिहून ते यूटीएफ-८ व एएनएसआय अशा दोन पद्धतींनी वेगवेगळ्या नावांनी जतन करा. दुसरी फाइल पुन्हा उघडून प्रश्नचिन्हे मोजा आणि ती संख्या आपल्या नावातील व्यंजने, स्वर, स्वरचिन्हे व हलन्तचिन्हे यांच्या संख्येशी जुळते का ते तपासा.

३. आपल्या कार्यालयासाठी पूर्वनिर्धारित जोडण्यांविषयीचे परिपत्रक सुमारे १५० शब्दांत लिहा. कोणत्या जोडण्या बंधनकारक आहेत, कोणत्या ऐच्छिक आहेत आणि का, हे संगणक न शिकलेल्या सहकाऱ्यालाही कळेल अशा मराठीत मांडा.